गोळीची भूक : सोलापुरातल्या एका घरातलं प्रकरण

मऊ भाकरी चोरून खाता येते, कडक भाकरी येत नाही. रात्री दोन वाजता, सगळी गल्ली झोपलेली असताना, स्वयंपाकघरातून कुर्र-कुर्र आवाज यायचा आणि आईला जाग यायची. पोरगा अंधारात डब्याशी बसून भाकऱ्या मोडतोय, हे तिला कळायचं. ती उठायची नाही, पडल्या पडल्या ऐकत राहायची. नंतर तिनेच मला सांगितलं, "मला बरं वाटायचं मॅडम. खायलाय ना, म्हटलं."

ही भूक मनोविकाराच्या गोळीने आणलेली होती. त्या आईला बरं का वाटत होतं आणि आम्ही दवाखान्यातली माणसंही त्यात कशी सामील झालो, ते मला सविस्तर लिहायचं आहे. मी मानसोपचार विभागात सामाजिक कार्यकर्ती आहे. कुटुंबाची ओळख पटेल असे तपशील गाळले किंवा बदलले आहेत.

घर आणि आजार

यंत्रमागांच्या गल्लीतलं दोन खोल्यांचं घर. वडील नाहीत. आई आणि मावशी मिळून कडक भाकरी आणि शेंगा चटणीचा व्यवसाय करतात. पहाटे चारला चूल पेटते, ज्वारीच्या दोन-अडीचशे पातळ भाकऱ्या थापून, भाजून, चुलीच्या धगीला उभ्या करून वाळवल्या जातात आणि दुपारी दहा-दहाच्या पुड्या बांधल्या जातात. काही दुकानांत जातात, काही पार्सलने पुण्याला. हिशोब एका जाड वहीत असतो, पण खरा हिशोब आईच्या हातात. डबा उचलला की तिला भाकऱ्यांचा अंदाज येतो.

मुलगा २३ वर्षांचा, चादर-टॉवेलच्या दुकानात काउंटरवर कामाला होता. आजार आला तो आवाजातून. शेजारच्या मागाच्या खटखटीत त्याला स्वतःचं नाव ऐकू यायला लागलं. मग त्या आवाजात शिव्या आल्या, मग सूचना. पुढे त्याला खात्री झाली की आपल्या जेवणात कोणीतरी काहीतरी मिसळतंय. त्याने बाहेरचं खाणं सोडलं आणि शेवटी आईच्या हातची भाकरीही सोडली. जिच्या हातची भाकरी दोनशे घरांत जाते, तिच्याच पोटचा पोरगा ताटाचा वास घेऊन ताट सरकवायचा. ही गोष्ट सांगताना ती आजही थांबते.

आमच्याकडे आणलं तेव्हा उंची १६८ सेंटिमीटर आणि वजन ५२ किलो होतं. एरवी तो ५७ किलोचा. डॉक्टरांनी ओलांझापिन हे आवाज आणि संशय शमवणारं औषध सुरू केलं आणि हळूहळू रात्री १५ मिलिग्रॅमपर्यंत नेलं. तिसऱ्या आठवड्यात झोप लागली, सहाव्या-सातव्या आठवड्यापर्यंत आवाज विरले. माग नुसता माग म्हणून ऐकू यायला लागला. गोळीने काम चोख केलं होतं, आणि पुढचं सगळं वाचताना हे विसरू नये अशी माझी विनंती आहे.

'तब्येत सुधारली'

आपल्याकडे 'तब्येत' या शब्दाने घोटाळा केलाय. माणूस बरा झाला तरी तब्येत सुधारली आणि अंगाने भरला तरी तब्येत सुधारली. दोन्ही गोष्टी एकाच शब्दात बसल्यामुळे एकीमागे दुसरी लपते. दुसऱ्या महिन्यात गल्लीतल्या बायका आईला म्हणाल्या, पोराने अंग धरलं हो. तिने मला आनंदाने सांगितलं आणि मी फाईलमध्ये 'आहार चांगला' असं लिहून त्याखाली रेघ मारली.

ती रेघ मी नंतर पुन्हा पुन्हा पाहिली. पहिल्या दिवशीचं ५२ किलो वजन नर्सने नोंदवलं होतं. त्यानंतर पाच महिने वजनाचा रकाना कोरा. दर भेटीला मी चारच गोष्टी विचारत होते: झोप, आवाज, संशय आणि गोळ्या वेळेवर घेतो का. काटा खोलीच्या कोपऱ्यातच होता.

खरं तर हा नियम नवा नाही. २००४ साली अमेरिकेतल्या मधुमेह आणि मनोविकार या क्षेत्रांतल्या संघटनांनी मिळून शिफारस केली होती: अशी औषधं सुरू करताना वजन, कमरेचा घेर, रक्तदाब, उपाशीपोटीची साखर आणि रक्तातली चरबी तपासावी, वजन ४, ८ आणि १२ आठवड्यांनी पुन्हा पाहावं, मग दर तिमाहीला, साखर आणि चरबी १२ आठवड्यांनी पुन्हा पाहावी. पहिले तीन महिने महत्त्वाचे, कारण वजन सगळ्यात वेगाने तेव्हाच चढतं. पहिल्या महिन्यातच मूळ वजनाच्या ५ टक्क्यांवर वाढ दिसली, तर पुढेही बरंच वाढेल अशी ती सूचना असते. या मुलाच्या बाबतीत ५ टक्के म्हणजे अडीच-तीन किलो. हरवलेलं वजन भरून येतंय म्हणून आम्ही ते सोडून दिलं असतं कदाचित, पण निदान आकडा समोर असता.

पाचव्या महिन्याच्या अखेरीला तो आला तेव्हा काटा ७१ वर थांबला. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २५.२, कमरेचा घेर ९६ सेंटिमीटर. आपल्या लोकांसाठी बीएमआय २३ च्या वर जादा वजन आणि २५ च्या वर लठ्ठपणा धरतात, पुरुषाची कंबर ९० च्या आत हवी. उपाशीपोटीची साखर १०८ होती. मधुमेह नव्हे, पण त्याच्या उंबरठ्यावर. वय २३.

त्याने गोळी का सोडली

आणि तो आला होता तो वजनासाठी नाही. माग पुन्हा बोलायला लागला होता म्हणून आईने आणला होता. त्या सकाळी त्याने भाकरी उचलली, वास घेतला आणि खाली ठेवली. तिने चूल विझवली, ऑर्डर तशीच टाकली आणि रिक्षा केली.

महिनाभर तो ब्लेडने गोळी अर्धी करून घेत होता, नंतर तीन आठवडे काहीच नाही. का, हे त्याने त्या दिवशी सांगितलं नाही. औषध पुन्हा सुरू होऊन दोन आठवडे झाल्यावर, आई बाहेर बसलेली असताना, सांगितलं. त्याचं बोलणं मी तसंच उतरवून घेतलं होतं:

"पोट भरलेलं कळतंय मॅडम. हात लावला तर गच्च लागतंय. पण तोंड थांबत नाही. जेवून हात धुतोय तोवर वाटतंय, कधी जेवलोच नाही. झोपलो तरी भाकरीच दिसते. आई माल मोजते, मला माहितीये तिला कळतंय. एकदा पाकिटात नऊच निघाल्या म्हणून दुकानदाराने तिला सुनावलं. त्या दिवशी ठरवलं, गोळी बंद."

मग बाकीचंही निघालं. दुकानात वरच्या फळीवरची चादर काढायला शिडी चढताना धाप लागायची. गणवेशाच्या शर्टाची बटणं लागेनात. मित्र हाक मारताना नावाऐवजी आकारावरून हाक मारायचे. मामाने चारचौघांत 'खादाड' म्हटलं. आवाज ऐकू येत होते तेव्हा त्याला कोणी हसलं नव्हतं; आजार सगळ्यांनी झाकून ठेवला होता. वजन मात्र झाकता येत नव्हतं.

आम्हाला वाटत होतं, पोरगा गोळी घेतोय कारण बरा आहे. तो मात्र आईचा माल वाचवायला गोळी सोडत होता.

ही भूक कुठून येते

मी आईला आणि मामाला एकत्र बसवून समजावलं ते असं. मेंदूत पोट भरल्याचा निरोप पोचवणारी काही रसायनं असतात. ओलांझापिन आवाज शांत करतं, पण त्याच वेळी हिस्टामिन आणि सेरोटोनिन या रसायनांचे निरोप घेणाऱ्या काही जागाही (ग्राही) अडवतं. त्यामुळे 'पुरे' हा निरोप नीट पोचत नाही आणि झोपही जास्त येते. भूक वाढली, हालचाल कमी झाली, दोन्ही एकदम. शिवाय साखर आणि चरबीवर या औषधाचा परिणाम वजन फार न वाढताही होऊ शकतो, म्हणून सडपातळ माणसाचंही रक्त तपासायचं. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत ओलांझापिन घेणाऱ्यांचं वजन महिन्याला सरासरी ०.९ किलोने वाढलं होतं. तिथल्या हजारो मैलांवरच्या लोकांना काही आपल्या शेंगा चटणीचा मोह नव्हता, एवढं सांगितल्यावर मामा गप्प झाले.

सगळी औषधं सारखी नाहीत. क्लोझापिन आणि ओलांझापिन सगळ्यात जास्त वजन वाढवतात. क्वेटियापिन, रिस्पेरिडोन मधली. अरिपिप्राझोल, लुरासिडोन बरीच कमी. मूड स्थिर ठेवणारं व्हॅल्प्रोएट आणि नैराश्यावरचं मिर्टाझापिन यांनीही भूक वाढते. कोणाला किती वाढेल हे आधी सांगता येत नाही. म्हणूनच काटा.

मामांचा उपाय होता डब्याला कुलूप. मी त्याला ठाम विरोध केला आणि आजही करीन. ज्या मुलाला आपल्या जेवणात कोणीतरी काहीतरी करतंय असं वाटत होतं, त्याच्या घरात अन्नाला कुलूप लावायचं? आणि भूक खरी आहे. ती औषधाने आणलेली असली तरी पोटाला आणि मेंदूला खरीच लागते. तिला हावरटपणा म्हटलं की माणूस लपवायला लागतो, आणि लपवायला लागला की आपल्या हातून सुटतो.

काय केलं

आधी औषध. नुकताच आजार उलटलेला, आणि याच गोळीने एकदा चांगलं काम केलेलं, म्हणून डॉक्टरांनी ओलांझापिनच पुन्हा सुरू केलं, १० मिलिग्रॅमवर. सोबत मेटफॉर्मिन दिलं. हे मधुमेहाचं जुनं, काही रुपयांत मिळणारं औषध. मनोविकाराच्या औषधाने वाढलेल्या वजनावर ते सरासरी तीनएक किलोचा फरक पाडतं, हे अनेक चाचण्यांतून दिसलंय. जादू नव्हे, पण तीन किलो हे तीन किलो असतात. त्याआधी मूत्रपिंडाची तपासणी केली. घर शाकाहारी, त्यात मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेतल्याने ब-१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकतं, म्हणून तेही पाहिलं. ते आधीच कमी निघालं, त्याच्या गोळ्या सुरू झाल्या.

पहिल्याच आठवड्यात जुलाब. सामाईक संडास, सकाळची रांग, आणि हा तिसऱ्यांदा जाणारा. त्याने नवीन गोळी बंद करायचं ठरवलं होतं, पण या वेळी फोन केला. डॉक्टरांनी डोस अर्धा करून जेवणासोबत घ्यायला सांगितलं आणि दोन आठवड्यांनी पुन्हा वाढवला. मग त्रास झाला नाही. या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत मोलाचा वाटतो तो हा फोन. गोळी सोडण्याआधी विचारणं, एवढंच त्याला शिकवायचं होतं. रात्री-बेरात्री कोणी भेटत नसेल तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या नंबरवर मराठीत बोलता येतं, तेही त्याच्या मोबाईलमध्ये घालून दिलं होतं.

मग गोळीची वेळ. तो रात्री अकराला जेवून गोळी घ्यायचा, बारा ते दोन मोबाईल आणि भाकरी, आणि सकाळी दहापर्यंत सुस्त. डॉक्टरांच्या परवानगीने जेवण आठला आणि गोळी साडेआठला आणली. दहाला झोप यायला लागली, दोनला जाग येणं कमी झालं. सगळ्यांना हे लागू पडेल असं मी म्हणत नाही. त्याच्या बाबतीत पडलं.

माल हलवला. तयार पुड्या संध्याकाळीच मावशीच्या घरी जायला लागल्या, तीन गल्ल्या पलीकडे. घरात कुलूप नाही, पण ज्या खोलीत तो झोपतो त्या खोलीत दोनशे भाकऱ्यांचा वास नाही. त्याच्यासाठी मात्र रात्रीचा एक डबा ठेवायचा असं ठरलं: एक कडक भाकरी, मूठभर फुटाणे, काकडी, तांब्याभर ताक. तो डबा त्याच्या हक्काचा, त्याबद्दल कोणी काही बोलायचं नाही. सुरुवातीला तो रोज रिकामा व्हायचा, नंतर आठवड्यातून दोन-तीनदा तसाच राहायला लागला.

जेवणात आम्ही सोलापूरचं काहीच काढलं नाही. कडक भाकरी मला उलट या कामी उपयोगी वाटली. ती चावायला वेळ लागतो, घाईने गिळता येत नाही. हिशोब चुकत होता चटणीचा. १०० ग्रॅम शेंगदाण्यांत साडेपाचशेच्या वर कॅलरी असतात. तो दिवसाला वाटीभर चटणी वर तेल घालून खायचा, म्हणजे जवळपास एका जेवणाचा ऐवज तोंडी लावण्यातूनच पोटात. ती दोन चमच्यांवर आणली. वाटीची जागा हुलग्याच्या माडग्याने आणि पातळ पालेभाजीने भरून काढली. माडग्याने पोटाला जडपणा येतो, तासभर तरी तोंड गप्प राहतं, हे त्याचं स्वतःचं निरीक्षण.

सगळ्यात मोठी गळती सापडली ती दुकानात. तोंडाला कोरड पडायची, म्हणून दिवसाला दोन थंड पेयं आणि सहा चहा. थंड पेयाच्या २५० मिलिलिटरच्या एका बाटलीत पाच चमच्यांहून जास्त साखर असते. मी ती साखर त्याच्यासमोर कागदावर मोजून ठेवली. तो बराच वेळ त्या ढिगाकडे बघत बसला आणि म्हणाला, "हे मी पितो?" दुसऱ्या दिवसापासून घरून पाण्याची बाटली आणि ताक. चहा तीनवर, साखर निम्मी. इथे एक सांगायलाच हवं: मूड स्थिर ठेवणारं लिथियम घेणाऱ्यांनी मीठ-पाण्यात मनाने बदल करू नयेत, त्याने औषधाची रक्तातली पातळी हलते.

चालणं सकाळी साडेसहाला, घरापासून सिद्धेश्वर मंदिर आणि तलावाच्या कडेने परत. सोलापूरचा उन्हाळा चाळीशी सहज ओलांडतो आणि या औषधांनी शरीराची उष्णता सांभाळायची ताकद कमी होऊ शकते, म्हणून उन्हं तापायच्या आत घरी यायचं. पहिले पंधरा दिवस मावशी बरोबर गेली. मग एकटा जायला लागला.

जे जमलं नाही

तीन महिन्यांत ७१ चे ६८ झाले, सहा महिन्यांत ६६. मुलाची इच्छा होती की गोळीच बदलावी, आणि ती रास्त होती. तब्येत, म्हणजे मन, चार महिने स्थिर राहिल्यावर डॉक्टरांनी सावकाश ओलांझापिन उतरवत अरिपिप्राझोल चढवायला घेतलं. भूक खरोखर ओसरली. पण पायात वळवळ सुरू झाली. एका जागी बसवेना, काउंटरमागे दिवसभर येरझाऱ्या, रात्री झोप नाही. डोस कमी करून पाहिला, त्यावरचं औषध देऊन पाहिलं. पाचव्या आठवड्यात त्याने आईला विचारलं, माग काही म्हणतोय का गं? त्याच दिवशी तो स्वतः आला. ओलांझापिन पुन्हा ७.५ वर, मेटफॉर्मिन चालू.

मला वाईट वाटलं, त्याला माझ्याहून जास्त. त्याला ५७ किलोचा आपला फोटो परत हवा होता. मी त्याला खोटा दिलासा दिला नाही. कदाचित ते वजन परत येणार नाही, असं सांगितलं. आणि कंबर ९६ वरून ९१ वर आलीय, साखर ९६ आहे, शिडी चढताना धाप लागत नाही, हे कागदावर दाखवलं. तो म्हणाला, "आणि माल कमी पडत नाही."

जानेवारीत सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा, भोगीची बाजरीची भाकरी, संक्रांतीच्या शेंगा पोळ्या. वजन दीड किलो वर गेलं. आई घाबरून फोनवर रडली. मी सांगितलं, सगळ्या सोलापूरचंच वाढलंय, त्याला पोळी वाढताना हात आखडू नका. फेब्रुवारीत सव्वा किलो उतरलं.

माझ्या कामात झालेला बदल छोटा आहे. मी आता 'भूक कशी आहे' असं विचारत नाही, कारण त्याला सगळेच 'चांगली आहे' म्हणतात. 'काल रात्री जेवल्यानंतर काय खाल्लंत' असं विचारते, नातेवाइकांना थोडं बाहेर बसवून. आणि काटा आता दाराशी ठेवलाय, आत येतानाच पाय पडेल असा.

दिवाळीच्या चटणीच्या पैशातून आईने घरी काटा घेतला. दर सोमवारी सकाळी तो त्यावर उभा राहतो आणि आकडा आईच्या ऑर्डरच्या वहीतच लिहितो, वेगळी वही नको म्हणाला. मागच्या भेटीला ती वही त्याने दाखवायला आणली होती. पिठाचे डाग पडलेल्या पानावर त्याच्या अक्षरात ओळ होती: भाकरी २४०, चटणी ११ किलो, मी ६५.४. पुढची रक्ततपासणी जूनमध्ये आहे.